पेटीतले ऊन, पेटीतली सावली

डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून मुंबईला उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटांचे आणि केकचे पुडे होते. महसूल गुप्तचर संचालनालयाच्या अधिकाऱ्यांनी ते उघडले, तर आत जिवंत साप निघाले: ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक. पहिल्या जातीचे मूळ पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत, दुसरीचे अमेरिकेच्या आग्नेय भागात. बातमीत तस्करी आली, कायदा आला, जप्ती आली. हे साप ज्या कुणाच्या दिवाणखान्यात जाणार होते, तिथे ते कितीशा उबेत राहणार होते, हे विचारायचे कुणाला सुचले नाही. विमानतळावर तो प्रश्न येतही नाही. सापाचे मात्र पुढचे सगळे आयुष्य त्याच प्रश्नावर अवलंबून असते. नीट सांभाळलेला बॉल पायथन २० ते ३० वर्षे जगतो, आणि एवढी वर्षे तो माणसाने मांडून दिलेल्या हवामानात काढतो.

अमेरिका, ब्रिटन, जर्मनी या देशांत साप पाळणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. तिथल्या प्राण्यांच्या दुकानांत मांजरांच्या खाद्याशेजारी सापांसाठी हीटर, दिवे, थर्मोस्टॅट यांचे रकानेच्या रकाने भरलेले असतात. तिथे राहणाऱ्या मराठी घरांतही एखाद्या दिवशी मुलगा किंवा मुलगी शाळेतून येऊन सांगते, ‘वर्गात कॉर्न स्नेक आणलाय, आपणही आणू या.’ आईवडील आधी हादरतात, मग वाटाघाटी होतात, आणि शेवटी सगळे दुकानात जाऊन उभे राहतात. तिथे पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणता हीटर घ्यायचा?

हा प्रश्न खरे तर शेवटून दुसरा यायला हवा. त्याच्या आधी प्राणी कोणता, पेटी कशाची, खोली किती थंड आणि उष्णतेला लगाम कोण घालणार, या चार प्रश्नांची उत्तरे मिळायला हवीत. ती मिळाली की हीटर जवळजवळ आपोआप ठरतो. क्रम उलटा झाला की काय होते, ते सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांच्या टेबलावर दिसते. पोटाकडून भाजलेले साप ही त्यांच्या नित्याच्या कामातली गोष्ट आहे, आणि यातल्या बहुतेक जखमा टाळता येण्यासारख्या असतात.

वाळवंटातला धडा

सापाला ऊब लागते हे आपल्याकडे शेतावरच्या पोरालाही ठाऊक असते. थंडीच्या सकाळी बांधावर कोवळे ऊन खात पडलेली धामण कुणी पाहिलेली नाही? पण ‘ऊब लागते’ म्हणजे नेमके काय, याचा पद्धतशीर अभ्यास विसाव्या शतकाच्या मध्याला सुरू झाला. रेमंड काउल्स आणि चार्ल्स बोगर्ट या दोन अमेरिकी संशोधकांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या सरड्या-सापांवर काम करून १९४४ मध्ये एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. वाळवंटातला प्राणी म्हणजे कितीही ऊन सोसणारा, असा तोवरचा समज होता. काउल्स-बोगर्टना उलटे दिसले. भर दुपारच्या तापलेल्या वाळूवर आडोशाविना अडकलेला साप काही मिनिटांत मरतो. तो वाळवंटात तगून राहतो तो हालचालींच्या जोरावर: उन्हात येतो, तापतो, सावलीत सरकतो, बिळात शिरतो, पुन्हा बाहेर येतो. या ये-जा करण्यातून तो आपल्या शरीराचे तापमान बऱ्याच अरुंद पट्ट्यात राखतो.

म्हणून पेटीत एकच एक ‘योग्य तापमान’ ठेवणे हा उपाय नव्हे. पेटीच्या एका टोकाला ऊन लागते, दुसऱ्या टोकाला सावली, आणि मधे चढउतार. साप कुठे आणि किती वेळ बसायचे ते स्वतः ठरवतो. भक्ष्य गिळल्यावर तो उबेकडे जातो, कारण त्याचे पचन बाहेरच्या उष्णतेवर चालते. पेटी थंड पडली तर पोटातला उंदीर पचण्याऐवजी सडू लागतो आणि साप तो उलटून टाकतो. कात टाकण्याच्या दिवसांत, गाभण असताना, आजारात त्याची निवड पुन्हा बदलते.

आजारातली निवड तर विलक्षणच. मिशिगन विद्यापीठात मॅथ्यू क्लुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४-७५ च्या सुमारास डेझर्ट इग्वाना या वाळवंटी सरड्यांना जिवाणूंचे इंजेक्शन दिले. सरड्यांच्या शरीराला आतून ताप आणता येत नाही. मग त्यांनी काय केले? ते नेहमीपेक्षा सुमारे २ अंश जास्त उबदार जागी जाऊन बसले. ज्यांना अशा गरम तापमानात ठेवले त्यांच्यातले जास्त जगले, ज्यांना थंड तापमानात अडकवून ठेवले त्यांच्यातले जास्त दगावले. प्रयोग सरड्यांवरचा असला तरी साप पाळणाऱ्याने त्यातून एक गोष्ट घ्यावी. पेटीत उबेची निवड नसेल, तर आजारी जनावराचा पहिला उपचार आपणच काढून घेतलेला असतो.

अजगरीण आणि पॅरिसचे विद्वान

सापांच्या उबेच्या अभ्यासात हिंदुस्थानचाही वाटा आहे. लामार-पिको नावाच्या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने बंगालमधल्या वास्तव्यात एक गोष्ट टिपली होती. अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेली अजगरीण स्वतः उष्णता निर्माण करून ती उबवते, असा त्याचा दावा होता. १८३२ मध्ये त्याने तो पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडला, आणि विद्वानांनी तो फेटाळला. साप आणि अंगची ऊब? पुढे १८४१ मध्ये पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एका अजगरिणीने अंडी घातली, प्राणिशास्त्रज्ञ वालँसिएन यांनी थर्मामीटर लावला आणि बंगालचे निरीक्षण खरे ठरले. उष्णता येते कुठून, याचा उलगडा १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातल्या अभ्यासातून झाला. अजगरीण स्नायू झटक्याझटक्याने आकुंचित करते, आणि हवा जसजशी थंड होते तसतसे हे झटके वाढतात.

ही किमया अजगरांच्या मोजक्या जातींना साधते. बॉल पायथनची मादी अंड्यांना वेटोळे घालते, पण स्वतःची ऊब निर्माण करत नाही. पाळीव सापांमध्ये सर्वांत लोकप्रिय झालेला अजगरच असा पूर्णपणे परावलंबी निघाला आहे. मूळ प्रदेशात, म्हणजे घाना, टोगो, बेनिनच्या गवताळ पट्ट्यात, तो दिवसा उंदरांच्या बिळांत किंवा वाळवीच्या वारुळांत पडून असतो आणि रात्री बाहेर पडतो. बिळातली हवा उबदार, दमट आणि संथ असते. काचेच्या पेटीत हे सगळे उभे करायचे, तेही शिकागोच्या जानेवारीत!

आकडे सांगायचे तर बॉल पायथनच्या उबदार टोकाला जमिनीचे तापमान ३१ ते ३३ अंश सेल्सिअस असावे, थंड टोक २५-२६ च्या आसपास, आणि रात्री २३-२४ पर्यंत उतार चालतो. कॉर्न स्नेकला उबदार टोक २९ ते ३१ आणि थंड टोक २२ ते २४ पुरते. फरक थोडा वाटतो, पण एका जातीसाठी लावलेली पेटी दुसरीला तशीच लागू करता येत नाही, एवढे त्यातून कळावे.

भाजणारा दगड

आता उपकरणांकडे. यातल्या सर्वांत बदनाम वस्तूपासून सुरुवात करू: तापणारा दगड. सिमेंट किंवा राळेच्या नकली दगडात विजेची तार घातलेली असते. दिसायला झकास, लावायला सोपा. पण तो सगळीकडे सारखा तापत नाही, एखादा ठिपका चटका बसण्याइतका गरम होतो, आणि साप त्याच्यावर पडून राहतो.

पडून राहतो, हे कोड्यात टाकणारे आहे. कारण बॉल पायथनच्या ओठांवर बारीक खळगे असतात आणि त्यांतून तो काळोखात उंदराच्या अंगाची उष्णता टिपतो. २०१० मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने या खळग्यांमागचा रेणू शोधून काढला. स्पर्श आणि तापमानाच्या जाणिवेवरील संशोधनासाठी त्यांना २०२१ चे नोबेल मिळाले. इतके तरल ज्ञानेंद्रिय असलेला प्राणी स्वतःचे पोट भाजून घेतो कसा? पशुवैद्य देतात ते स्पष्टीकरण असे. निसर्गात उष्णता प्रामुख्याने वरून, सूर्याकडून येते, आणि पोटाखालचा तीव्र चटका टाळण्याची सवय सापाला फारशी लागलेली नाही. त्यात पेटीतली बाकीची हवा गार असेल तर उबेसाठी त्याला दुसरी जागाच नसते. आधी पोटाचे खवले लालसर होतात, मग फोड येतात, मग खवले सुटतात. बरे व्हायला महिने आणि कातीच्या कितीतरी फेऱ्या लागतात. दगड दुकानात दिसला तर तिथेच राहू द्यावा.

दगडापेक्षा शहाणी वस्तू म्हणजे हीट मॅट, पेटीच्या तळाखाली लावायची पातळ चटई. वीज कमी खाते, प्रकाश देत नाही, हवा कोरडी करत नाही. लहान कॉर्न स्नेकला, उबदार खोलीत, ती पुरते. तिच्या मर्यादा मात्र ओळखून असाव्यात. ती तळ तापवते, हवा नाही. तळाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त भाग तिने व्यापू नये, नाहीतर सावलीचे टोक उरत नाही. तिच्यावर भुशाचा जाड थर टाकला तर उष्णता अडकून काच तापत जाते, आणि साप ऊब शोधत नेमका त्या काचेपर्यंत उकरत जातो. लगामाशिवाय सोडलेली मॅट ४५ अंशांच्या पुढे सहज जाते. दुकानदार मॅट देतो, थर्मोस्टॅट देतोच असे नाही. अपघाताची मुळे बऱ्याचदा या राहून गेलेल्या खरेदीत सापडतात.

वरून येणारी ऊब

गेल्या काही वर्षांत पाळणाऱ्यांचा कल खालून वर वळला आहे, आणि त्याला भौतिकशास्त्राचा आधार आहे. हॅलोजन दिव्याची तार सुमारे २८०० केल्विनला तापते. तिच्यातून निघणाऱ्या किरणांचा भर एका मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे सूर्यप्रकाशातही विपुल असलेल्या लघुतरंगी अवरक्त पट्ट्यात. हे किरण कातडीखाली काही मिलिमीटर शिरतात आणि स्नायूंपर्यंत ऊब पोचवतात. मॅटचे किरण दीर्घतरंगी, नऊ मायक्रॉनच्या आसपासचे. ते कातडीच्या पृष्ठभागावरच शोषले जातात. दीड-दोन किलोच्या जाडजूड अजगराला आतपर्यंत तापायला पहिली तऱ्हा बरी. शिवाय दिव्याखालची फरशी किंवा सपाट दगड तापून राहतो, त्यामुळे पोटालाही मंद ऊब मिळते.

दिव्याची अडचण रात्री येते. बॉल पायथन निशाचर, त्याला काळोख हवा. ‘सापाला लाल दिसत नाही’ म्हणून लाल बल्ब रात्रभर लावण्याची प्रथा बरीच वर्षे चालली. पण तो प्रकाश त्याला जाणवतो, आणि दिवस-रात्रीचे चक्र विस्कटते. रात्री खोली फारच गार होत असेल तर सिरॅमिक हीटर लावावा. तो बल्बच्या होल्डरमध्ये बसतो, प्रकाश देत नाही, पण त्याचा पृष्ठभाग दोनशे अंशांच्याही पुढे तापू शकतो. म्हणून होल्डर प्लास्टिकचा चालत नाही, चिनी मातीचाच लागतो. तो पेटीच्या आत असेल तर भोवती जाळी अनिवार्य. साप दिव्याला विळखा घालू शकतो, हे अनेकांना घडल्यावर कळते. सिरॅमिकने हवा कोरडी पडते, तेव्हा ओलाव्याचे गणित पुन्हा मांडावे लागते. आणखी एक पर्याय म्हणजे ‘डीप हीट प्रोजेक्टर’: प्रकाश जवळजवळ नाही, आणि किरण सिरॅमिकपेक्षा खोल जाणारे. मोठ्या लाकडी किंवा पीव्हीसीच्या पेट्यांत छताला चिकटवायचे रेडिएंट पॅनेलही वापरतात. त्याने ऊब पसरट मिळते आणि चटक्याचा धोका कमी राहतो.

इथे एक गंमत आहे. वीज वाचवण्यासाठी युरोपीय संघाने २०१८ मध्ये घरगुती हॅलोजन बल्ब बाजारातून काढायला सुरुवात केली. अमेरिकेत ऑगस्ट २०२३ पासून साध्या तारेच्या बल्बांवर तशीच गदा आली. या दिव्यांचा दोष काय, तर बहुतांश वीज उष्णतेत ‘वाया’ जाते. सापाच्या पेटीत नेमकी तीच वाया जाणारी वीज हवी असते. आपल्याकडच्या कोंबडीपालकाला हे समजावून सांगावे लागणार नाही. पिलांना ऊब द्यायला तो पिवळा बल्ब अजूनही शोधत फिरतो. एलईडीने पेटी उजळते, तापत नाही. त्यामुळे सापांसाठीचे दिवे आता खास वस्तू म्हणून, खास किमतीला विकले जातात.

लगाम कोणाच्या हाती?

हीटर कोणताही घ्या, त्याला थर्मोस्टॅट हवाच. इस्त्रीतल्या थर्मोस्टॅटसारखेच त्याचे काम असते: ठरलेल्या तापमानाला पोचताच वीज तोडणे किंवा कमी करणे. पण त्याचे प्रकार आहेत आणि ते जुळवून घ्यावे लागतात. मॅटला साधा चालू-बंद करणारा पुरतो. सिरॅमिकला तुकड्यातुकड्यांनी वीज सोडणारा पल्स प्रकार योग्य. दिव्याला मंद-प्रखर करणारा डिमिंग प्रकारच लागतो, नाहीतर दिवा दिवसभर लुकलुकतो आणि लवकर उडतो.

थर्मोस्टॅटचा डोळा म्हणजे त्याच्या वायरीच्या टोकाचा प्रोब. साप जिथवर पोचू शकतो त्यातल्या सर्वांत गरम जागेवर त्याची नजर असावी: मॅट असेल तर तिच्या बरोबर वरच्या काचेवर, दिवा असेल तर खाली साप बसेल त्या ठिकाणी, त्याच्या पाठीच्या उंचीला. प्रोब पक्का बांधलेला असावा. सापाने तो ढकलत गार कोपऱ्यात नेला, तर थर्मोस्टॅटला वाटते पेटी थंड आहे, आणि हीटर थांबतच नाही. पाण्याच्या भांड्यात पडलेला प्रोबही हाच घोळ घालतो.

म्हणून लगामावरही पहारा लागतो. दोन्ही टोकांना एकेक डिजिटल थर्मामीटर, आणि पृष्ठभाग मोजायला अवरक्त ‘टेंपरेचर गन’. काचेवर चिकटवायच्या गोल काट्याच्या तबकड्या शोभेपुरत्याच समजाव्यात. त्या काचेजवळच्या हवेचे तापमान सांगतात, साप बसतो त्या जागेचे नाही.

पेटी, खोली, गाव

किती वॉटचा दिवा, याला सरसकट उत्तर नाही. पेटीतून बाहेर जाणारी उष्णता आतल्या आणि बाहेरच्या तापमानांतल्या फरकावर ठरते. खोली २४ अंशांवर असेल तर ३२ गाठायला ८ अंशांची चढण; खोली १६ वर असेल तर तीच चढण दुप्पट. काचेच्या, वरून जाळीच्या पेटीतून ऊब आणि ओल दोन्ही भराभर निसटतात. ब्रिटनमध्ये लाकडी पेट्या रूढ आहेत, त्यांत ती टिकते. दिव्याचे अंतर बदलले तरी हिशेब बदलतो. ८० वॉटचा दिवा १२ तास चालला तर रोज सुमारे एक युनिट वीज जाते. वर्षाच्या बिलात हा आकडा धरलेला बरा.

मुंबईत हे गणित उलटे होते. मे महिन्यात जिथे रात्रीचे तापमानही २७ च्या खाली फारसे उतरत नाही, तिथे बंद फ्लॅटमधल्या पेटीत ऊब आयती असते, टंचाई असते सावलीची. अमेरिकी सल्ला वाचून तिथे मॅट लावणारा माणूस सापाला शिजवण्याच्या बेतात असतो. पुण्याच्या डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या आसपास घसरतो, तेव्हा त्याच पेटीला हीटर लागतो.

आणि वीज गेली तर? फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात हिमवादळाने ४० लाखांहून अधिक घरांची वीज घालवली, काहींची कित्येक दिवस. उष्ण प्रदेश म्हणून निर्धास्त असलेल्या लोकांच्या घरांत पाणी गोठले. अशा वेळी उपयोगी पडतात त्या साध्या वस्तू: सापासाठी कापडी पिशवी, थर्माकोलची पेटी, कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या. रिकाम्या पोटी असलेला निरोगी साप काही काळ गारठा काढतो. पोटात भक्ष्य असलेल्याचे हाल होतात. म्हणून वादळाचा इशारा असेल तर त्या आठवड्यात खायला घालू नये.

आपल्याकडे

भारतातल्या वाचकाला दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. नाग, धामण, अजगर, मांडूळ यांसारखे देशी साप घरात बाळगणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग पेटी कितीही उत्तम असो. परदेशी जातींपैकी बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापार-करार ‘साइट्स’च्या परिशिष्टांत असलेल्या प्राण्यांची नोंदणी कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने आणि फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी सक्तीची केली आहे, ती केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर होते. ‘कागद नंतर करून देतो’ म्हणणाऱ्याकडून प्राणी घेणे म्हणजे बिस्किटांच्या पुड्यातला व्यापार चालू ठेवणे.

जिथे कायदा परवानगी देतो तिथे राहणाऱ्यांनी खरेदीचा क्रम असा ठेवावा. आधी जात ठरवा. मग तिला पूर्ण लांबीने पसरता येईल अशी पेटी घ्या, आणि दोन्ही टोकांना एकेक लपायची जागा ठेवा, म्हणजे भीती वाटली तरी ऊब किंवा सावली सोडावी लागणार नाही. मग थर्मोस्टॅट आणि थर्मामीटर. त्यानंतर हीटर. सगळे जोडून पेटी आठवडाभर रिकामी चालवा, सकाळ-दुपार-रात्रीचे आकडे वहीत लिहा. आकडे आठवडाभर स्थिर राहिले तरच सापाला घरी आणा. नाही राहिले, तर पेटी दुरुस्त करा. साप दुकानात आणखी एक आठवडा थांबला तर काही बिघडत नाही.